बेसिनजवळचं टेबल

लोक हॉटेल निवडताना मेन्यू बघतात, दर बघतात, गाडी लावायला जागा आहे का ते बघतात. आईच्या पंचाहत्तरीच्या जेवणासाठी पणजीतलं हॉटेल ठरवायला मी गेले, तेव्हा मी फक्त बेसिनं बघत होते.

नवऱ्याला बोटीच्या इंजिनाचा कसलासा भाग आणायचा होता. देवबागला आमचं पर्यटकांसाठी राहण्या-जेवणाचं घर आहे आणि तो त्यांना खाडीत फिरवतो. आईही आमच्याजवळच असते. मी म्हटलं, मीही येते, हॉटेलं बघून ठेवते. तो इंजिनवाल्याकडे गेला आणि मी माझ्या कामाला लागले.

पहिलं हॉटेल वहिनीने सुचवलेलं. नदीकाठी, गच्चीवर, वेताच्या खुर्च्या, काचेच्या बरण्यांत दिवे. वेटरने मला नदी दाखवली. मी विचारलं, हात कुठे धुवायचे? तर एका लांबलचक पॅसेजच्या टोकाला, आरशामागे. तिथे कुणाला बसवायचं तर पॅसेजमध्ये स्टूल टाकावं लागलं असतं. ते बाद झालं. दुसरं दादाच्या पसंतीचं, मोठ्या हॉटेलातला बुफे. तिथलं बेसिन म्हणजे पितळी घंगाळ, त्यात पाण्यावर सोडलेली फुलं. त्याच्या शेजारी कुणाला बसवलं असतं तर त्या माणसाचा सत्कार केल्यासारखं झालं असतं. तेही बाद.

मग मी तिसऱ्या हॉटेलात गेले. बाजाराजवळचं, जुनं, गर्दीचं. आत शिरताच मला सगळं ओळखीचं वाटलं. समोर खिडकीकडची मोठी टेबलं, आणि दुसऱ्या टोकाला, भिंतीच्या मधोमध, ते बेसिन. शेजारी स्वयंपाकघराचं झुलतं दार. बेसिनच्या वर हात सुकवायचं यंत्र. मी यंत्राखाली हात धरला. ते पूर्वीसारखंच गुरगुरलं आणि गरम वारा थेट पाठीमागच्या टेबलावर गेला. मी मनातल्या मनात नारळ फोडला. एक सोलकढी मागवली, आणि ती पिताना मला जितकं बरं वाटलं तितकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

आता हे का, ते सांगते.

काही वर्षांपूर्वी दादा-वहिनीच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, त्याचं जेवण ह्याच हॉटेलात होतं. दादा पणजीत एका मोठ्या कंपनीत साहेब आहे. आम्ही, म्हणजे आई आणि मी, सकाळच्या एसटीने निघालो होतो. आईने ठेवणीतलं अंजिरी लुगडं नेसलं होतं. पिशवीत ओवाळायचं तबक, निरांजन, वाती, वहिनीच्या ओटीचा नारळ आणि खण. वाटेत ती तीन-तीनदा पिशवीत हात घालून निरांजन तिरकं झालं नाही ना ते बघत होती.

आम्ही दारात पोचलो तशी वहिनी लगबगीने पुढे आली. पाया पडली, हसली. आणि म्हणाली, "आई, तुम्ही आणि ताई इकडे बसा हं. इथे तुम्हाला मोकळेपणाने जेवता येईल."

इकडे म्हणजे बेसिनजवळ. त्या टेबलावर दादाचा ड्रायव्हर होता आणि फोटो काढणारा एक माणूस. खिडकीकडे दादाचे साहेब, त्यांच्या बायका, वहिनीची आई, वहिनीच्या मैत्रिणी. हसण्याचे आवाज आमच्यापर्यंत येत होते, बोलणं येत नव्हतं. दर थोड्या वेळाने कुणीतरी हात धुवायला यायचं, यंत्र गुरगुरायचं आणि आईच्या पाठीवर गरम वारा यायचा. ती पदर सावरायची. केक कापला तोही आम्हाला टाळ्यांवरून कळला. तबक काढायला कुणी बोलावलंच नाही. ओटीचा नारळ आईने जेवणभर मांडीवर धरला होता. तो तसाच एसटीतून देवबागला परत आला.

मी त्या रात्री आईजवळ वहिनीबद्दल नाही नाही ते बोलले. आई म्हणाली, "गप गो. झाला ता झाला." तिचं झालं असेल. माझं झालं नाही. माझा स्वभाव असा आहे की मला गोड बोललेलं आठवत नाही आणि लागलेलं विसरत नाही. 'मोकळेपणाने' हा शब्द मी तेव्हापासून जपून ठेवला होता, आणि तो वहिनीला कधी ना कधी परत करायचा हे ठरवलेलं होतं. दिवाळीला ती यायची, मी तिला हसून फराळ वाढायची, आणि वाढताना मनात तिला त्या टेबलावर बसवायची. तिला नाही, खरं तर तिच्या आईला. आपली आई तिथे बसते तेव्हा कसं लागतं, हे तिला कळायला हवं होतं.

आणि मग पंचाहत्तरी आली. जेवण द्यायचं दादाने जाहीर केलं, आणि वहिनीनेच फोन करून सांगितलं, "ताई, हॉटेल तुम्हीच ठरवा. आईंना काय आवडतं ते तुम्हालाच माहीत." देव देतो तेव्हा असा हात सैल सोडून देतो.

मी जुन्या हॉटेलचं नाव सांगितलं. "आईला तिथला बांगडा आवडलेला," असं ठोकून दिलं. वहिनी "बरं" म्हणाली. पण दादा उसळला. "थंय नको. दुसरा खंयचाय बघ."

"कित्याक नको?"

"नको म्हणजे नको. पार्किंग नाय थंय."

मी समजले, वहिनीने मागून कान भरले. मी हटून बसले. तो बुफेवर अडला, मी बांगड्यावर. आठवडा ह्यातच गेला. फोनवर आवाज चढायला लागले. आई पडवीत नारळ सोलत बसलेली असायची, ती ऐकत होती. एक दिवस कोयता खाली ठेवून ती म्हणाली, "तुमचा भांडान सरूचा नाय. देवाक इचारूया."

आमच्याकडे होडी पाण्यात लोटायची असली, विहीर खणायची असली, मुलीला आलेलं स्थळ पसंत करायचं असलं, की गावच्या देवळात कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो, म्हणजे आपलं म्हणणं देवाला मोठ्याने सांगतो. दर वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मग बघत बसायचं. उजव्या बाजूची पाकळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. त्यावर अपील नाही. पणजीतला साहेब असला तरी नाही.

रविवारी दादा-वहिनी आले. गुरवाने सगळं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं. "काकी, होडयेचो कौल घेतलो, लग्नाचो घेतलो. हॉटेलाचो पयलोच. देव अजून पणजेक जेवक गेलो नाय."

"तू इचार तर खरो," आई म्हणाली. मग ती पुढे झाली आणि त्याच्या कानाशी काहीतरी कुजबुजली. मला वाटलं, हॉटेलचं नाव सांगत असेल. मी हात जोडून उभी होते आणि देवाला माझा स्वतःचा वेगळा नारळ कबूल करत होते. माझं लक्ष त्या उजव्या पाकळीवर होतं.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली हत."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या माउलेक पंच्याहत्तर वर्सां पुरी झाली. झील म्हणता एक हॉटेल, चेडू म्हणता दुसरा." झील म्हणजे मुलगा, दादा; चेडू म्हणजे मुलगी, मी.

"व्हय म्हाराजा!"

"चेडू म्हणता त्या हॉटेलात जर सगळी एका पंगतीक बसान जेवतली, कोणाक भायर, कोणाक कोपऱ्यात बसयतली नाय, तर म्हाराजा, उजवो दे!"

"व्हय म्हाराजा!" मी सगळ्यांत मोठ्याने म्हटलं. लहानपणापासून जिभेला वळण आहे. गुरव थांबला की तोंडातून ते निघतंच. आपण कशाला हो म्हटलं ते मागाहून कळतं.

उजवी पाकळी पडली. गुरवाने ती आईच्या ओंजळीत टाकली. दादाचा चेहरा उतरला. मी जिंकले होते, आणि देवळाच्या पायऱ्या उतरताना माझ्या लक्षात आलं की हॉटेल मिळालं पण टेबल गेलं. एका पंगतीत बसायचं देवासमोर कबूल झालं होतं. मी आईकडे बघितलं. ती चपला शोधत होती.

दोन दिवस मी चिडचिड केली. आलेल्या पाहुण्यांच्या आमटीत मीठ दुप्पट पडलं. पण पंगती बसवणं हा आमचा धंदाच आहे. कुठल्या माणसाला कुठे बसवलं की तो खूश होतो आणि कुठे बसवलं की लवकर उठतो, हे मला झोपेतही कळतं. मी हॉटेलच्या मॅनेजरला फोन केला आणि म्हटलं, टेबलं वेगवेगळी नकोत. खिडकीपासून पार त्या भिंतीपर्यंत सलग जोडा. एकच पंगत. खिडकीच्या टोकाला आई आणि भिंतीच्या टोकाला वहिनीची आई. बेसिन कोपऱ्यात नव्हतंच, भिंतीच्या मधोमध होतं. देवाला दिलेला शब्द मी अक्षरशः पाळत होते. मॅनेजर म्हणाला, "त्या टोकाला बसणाऱ्यांना जरा त्रास होईल." मी म्हटलं, होऊ दे.

त्या संध्याकाळी आम्ही सगळ्यांच्या आधी पोचलो. आईने ह्या वेळी मोरपंखी नेसलं होतं. मी तिला खिडकीपाशी, टोकाच्या खुर्चीत बसवलं. दादाला तिच्या उजवीकडे, मी डावीकडे. वहिनीला मुद्दाम पंगतीच्या मध्यावर, म्हणजे दोन्ही टोकं दिसावीत. मग विहीणबाई, म्हणजे वहिनीची आई, आल्या. गोऱ्या, ठेंगण्या, हातात काठी. मी त्यांना हाताला धरून भिंतीपर्यंत नेलं, खुर्ची ओढली, नीट बसवलं. मी फार प्रेमाने वागत होते.

सूप आलं आणि कुणीतरी हात धुवायला गेलं. यंत्र गुरगुरलं. विहीणबाईंनी पदर सावरला. तो पदर सावरताना बघून मला जे सुख झालं ते कबूल करायला मला काही वाटत नाही. मी आईच्या ताटात तळलेला बांगडा वाढला. पुन्हा यंत्र. पुन्हा पदर. झुलत्या दारातून वेटर ट्रे घेऊन त्यांच्या डोक्यावरून जात होते. मी वहिनीकडे बघत होते. ती आधी नुसती बघत राहिली. मग तिने नॅपकिन टेबलावर ठेवला आणि उठून आमच्या टोकाला आली.

"ताई," ती हळू आवाजात म्हणाली, "माझ्या आईला तिथे का बसवलंत?"

इतकी वर्षं तोंडात धरलेलं एकदाचं बाहेर आलं. "तिथे त्यांना मोकळेपणाने जेवता येईल," मी म्हटलं.

तिचा चेहरा पांढरा पडला. तिला आठवत होतं. शब्दन् शब्द आठवत होता. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर भांडेल. दोन्हीची माझी तयारी होती. पण तिने माझ्याकडे बघितलंच नाही. ती दादाकडे वळली.

"तुम्ही अजून ताईंना सांगितलं नाही?"

दादा ताटात बघत होता.

"इतकी वर्षं ह्या माझ्याकडे अशा बघतात, आणि तुम्ही सांगितलं नाही?"

"ह्या आता काढूची गरज हुती?" दादा पुटपुटला. तिच्याशी तो कधी मालवणी बोलत नाही. त्या वेळी बोलला.

मग वहिनीने सांगितलं. आवाज चढवला नाही, पण थांबलीही नाही. त्या दिवशी जागा दादाने ठरवल्या होत्या. साहेब येणार होते. आई बोलली की मालवणीच बोलणार, माशाचं डोकं हातात धरून चोखणार, सगळ्यांसमोर तबक काढून ओवाळायला लागणार. त्याने मॅनेजरला बोलावून ते टेबल दाखवलं होतं. वहिनी म्हणाली होती, मग तुम्हीच सांगा त्यांना. तर म्हणाला, माझ्या तोंडून बरं दिसणार नाही, तू सांग. "आणि 'मोकळेपणाने' असं म्हण, हेही ह्यांनीच शिकवलं," ती म्हणाली.

हे सगळं आईच्या समोर झालं. आई मध्ये, एका बाजूला तो, एका बाजूला मी. तिचा हात थांबला नाही. तिने बांगड्याचा मधला काटा अख्खा ओढून काढला, ताटाच्या कडेला ठेवला आणि म्हणाली, "गरम आसा तवसर जेवा."

वहिनी परत गेली, पण स्वतःच्या जागेवर नाही. भिंतीकडच्या टोकाला जाऊन तिने स्वतःच्या आईला उठवायला हात दिला. विहीणबाई उठेनात. त्यांचं बोलणं आम्हाला इकडेही ऐकू आलं. "राहू दे गं. गुडघ्यांमुळे मला बरंच पडलं, बेसिन जवळ." सगळ्या पंगतीत त्या एकट्या पोटभर जेवल्या.

केक आला. आईने कापला. दादाने तिला पहिला घास भरवला. तिने तोंड उघडलं, घास घेतला, त्याच्या गालाला हात लावला. मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पडवीत चहा पीत बसली होती. मी समोर जाऊन उभी राहिले. "तुका ठावक हुता?"

"त्याच दिवशी," ती म्हणाली. "आपण दारात इलो तेव्हा तो माका बघून दुसरीकडे बघूक लागलो. आवशीक कळता."

"मग माका सांगलंस कित्याक नाय? मी इतकी वर्षं व्हनयेक शिव्या घालतंय!"

"घालत होतंस ता बरा होता. व्हनी परक्या घरची. तिका घातलेल्यो शिव्या माका सोसत होत्यो." तिने बशीतला चहा संपवला. "तेचा नाव घेतला असता तर तू तेका जन्मात सोडलं नसतंस. माका तो एकच झील आसा."

मी तिची बशी उचलली, विसळली. ती देवाला काय सांगायला पुढे झाली होती, ते मला आता कळलं होतं. देवाने ऐकलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

वहिनीला मी फोन केला. जमेल तसं बोलले. ती म्हणाली, "जाऊ दे ताई." ते प्रकरण तिथे संपलं.

दादाचं संपलेलं नाही. माझ्या वैराला आता घराबाहेर जावं लागत नाही, इतकाच फरक पडला. तो रोज संध्याकाळी आईसाठी माझ्या फोनवर फोन करतो. आईला स्वतःचा फोन कधी नको असतो, बटणं कळत नाहीत म्हणते. पूर्वी रिंग वाजली की मी तिच्या हातात द्यायची आणि दोघं मासे काय भावाने आले, पाऊस कुठवर आला, असलं काहीबाही बोलत बसायची. आता फोन वाजला की आई पडवीतल्या खुर्चीत सरळ होऊन बसते. मी फोन कानाला लावते आणि दादाला सांगते, आई देवळात गेली आहे. कधी सांगते, झोपली आहे. तो म्हणतो, बरं, उद्या करतो. आई समोर बसून हे सगळं ऐकत असते. मी फोन ठेवते, तेव्हा तिचा हात अजून पुढे धरलेला असतो.